माळ्याचा पंखा

आधी हातातला चहा संपवा. मी सांगायला लागलो आणि घोट घशात अडकला, तर मला बोल लावायचा नाही. माणसानं जन्मात एकदाच करावा असा गाढवपणा मी केलाय, आणि तोही नुसता नाही. अभ्यास करून, मोजमापं घेऊन, वहीत टिपणं काढून! साध्यासुध्या माणसाला असला गाढवपणा जमत नाही. त्याला सायन्सचा मास्तरच लागतो.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी पलूसजवळच्या एका हायस्कूलात शास्त्र शिकवत होतो. घर गावाच्या कडेला, आमच्या आबांनी मिलिट्रीतनं सुटून आल्यावर बांधलेलं. खाली तीन खोल्या, वर पत्रा, आणि पत्र्याखाली फळ्यांचा माळा. खाली आई, आबा, धाकटा भाऊ दिनकर, त्याची बायको, त्याची दोन पोरं आणि त्या पोरांच्या मागं घरभर हिंडणारी एक शेळी.

माझी बायको कुसुम औंधची. लग्नात तिची शाळा नववीत सुटली होती. त्या वर्षी ती म्हणाली, "मला मॅट्रिक व्हायचंय." मी म्हटलं, हो की! बाहेरून फॉर्म भरला, पुस्तकं आणली. पण अभ्यास करायचा कुठं? खाली बसली तर पोरं पेन पळवायची. एकदा तर शेळीनं नागरिकशास्त्राचं अर्धं पुस्तक खाल्लं. हक्क खाल्ले, कर्तव्यं तेवढी राहिली!

मग कुसुम पुस्तकं घेऊन माळ्यावर गेली. माळ्याला एकच खिडकी, दोन हातांत मावेल एवढी. तिच्याजवळ पोतं टाकून ती बसायची. थंडी होती तोवर सगळं झकास. पण फेब्रुवारी सरायला लागला, पत्रा तापला, आणि माळ्याची भट्टी झाली. एके दिवशी दुपारी ती शिडीवरनं उतरताना अशी हलली की दिनकरनं धरली म्हणून बरं. चक्कर आली होती.

आईनं कांदा फोडला, नाकाशी धरला. कुसुमनं डोळे उघडले आणि पहिलं वाक्य काय बोलली असेल?

"आवं, तुमी सायन्स शिकवताय न्हवं?"

"हो. का?"

"मग पोरांस्नी शिकवून उरलं असंल तर थोडं घरात बी वापरा. परीक्षेला तीन आठवडे राह्यल्यात."

झालं! हे वाक्य मला असं लागलं म्हणता! दुसऱ्याच दिवशी मी प्रयोगशाळेतला थर्मामीटर खिशात घालून घरी आणला. खालच्या खोलीत टांगला, शिडीच्या मध्यावर टांगला, माळ्यावर टांगला. दर तासाला पारा बघून वहीत लिहायचा. मग उदबत्ती पेटवली. म्हटलं, हवा जाते कुठं ते तरी बघू. धूर स्वयंपाकघरातनं निघाला, शिडीनं वर चढला आणि पत्र्याखाली जाऊन जो बसला तो हलेचना. मुक्कामाला आलेल्या व्याह्यासारखा!

मला इतका आनंद झाला की मी आठ उदबत्त्या जाळल्या. आबा खाली अंगणात बसले होते. ओरडून म्हणाले, "काय रं, देवाला आज येवढं काय मागतोयस?"

"देवाला नाही आबा, हवेला विचारतोय!"

"मग सांगितलं का काय तिनं?"

सांगितलं होतं तर! गरम हवा वर जाते, आणि वर अडकते. तिला बाहेर काढलं पाहिजे. त्याच आठवड्यात शाळेच्या कपाटात एक जुनं इंग्रजी मासिक सापडलं. त्यात चित्र होतं: परदेशातलं घर, घराचा माळा, आणि माळ्यात बसवलेला पंखा. हा पंखा वारा घालत नाही, हवा ओढून बाहेर फेकतो. मी ते चित्र इतक्या वेळा बघितलं की स्वप्नात पण पाती फिरायला लागली. ठरलं. माळ्याला पंखा!

रविवारी एसटी पकडून सांगलीला गेलो. खिशात वही, वहीत माळ्याची लांबी, रुंदी, उंची, आणि पिशवीत उदबत्तीचा पुडा. का? अहो, पंखा ओढतो की ढकलतो हे बघायला नको? पहिल्या दुकानात टेबलफॅनपुढं उदबत्ती लावली. दुकानदारानं भक्तिभावानं हात जोडले. म्हणाला, "साहेब, पूजा घरी नेल्यावर करतात." दुसऱ्या दुकानात विचारलं, "माळ्यावर बसवायला पंखा आहे?" तो म्हणाला, "माळ्यावर? तिथं कोण, उंदरं झोपत्यात का?"

उन्हात फिरून फिरून जीव गेला. अखेर हळदीच्या पेठेमागच्या बोळात एक दुकान दिसलं. अर्धं विक्रीचं, अर्धं दुरुस्तीचं. आत बनियनवर एक गृहस्थ, चष्मा कपाळावर, हात ग्रीसनं काळे. सगळे त्यांना अण्णा म्हणत होते. मी आता आडवळण सोडलं आणि सरळ म्हटलं,

"अण्णा, माळ्याचा पंखा पाहिजे होता."

अण्णा उठूनच उभे राहिले. "या की! परवापासनं तयार करून ठेवलाय. म्हटलं न्यायला कुणी येतंय का न्हाई!"

बघा, मला काय वाटलं असेल! अख्ख्या सांगलीत एक तरी शास्त्रीय दृष्टीचा माणूस निघाला. माळ्याचा पंखा तयार करून गिऱ्हाइकाची वाट बघतोय!

"चालतो का चांगला?" मी विचारलं.

"चालतो? आवं, सगळं भूस एका दमात पल्याड!"

"भूस? माळ्याकडं यंदा भूस नाही हो."

"न्हाई? मग काय हाय?"

"नुसती गरम हवा."

अण्णा असे हसले की कपाळावरचा चष्मा नाकावर आला. "ह्ये मातर खरं बोललासा! माळ्याकडं गरम हवा लय. गेल्या खेपंला हितंच हुबा राहून माझ्यावर तापला हुता."

मला वाटलं, अण्णांचा पण माळा असेल घरी. म्हटलं, "दुपारी तर फारच तापतो. परवा माळ्यापायी माझ्या बायकोला चक्कर आली."

अण्णांचं हसू गेलं. "काय म्हंता? बाईमाणसाला?"

"हो ना. शिडीवरनं पडायचीच. रोजचंच झालंय. पण करणार काय? आपलाच माळा, सोडून कुठं जायचं?"

"तुमच्यातलाच हाय व्हय त्यो?"

"म्हणजे काय! आमच्या घरातलाच."

अण्णांनी मान हलवली. "वरनं दिसत न्हाई वो तसा."

"खालून पण दिसत नाही," मी म्हटलं. "वर गेल्याशिवाय कळत नाही."

आता मला सांगा, यात माझं कुठं चुकलं? एकेक वाक्य तपासून बघा. सगळं बरोबर!

अण्णांनी आतनं पंखा ओढत आणला आणि मी बघतच राहिलो. चार पायांचा लोखंडी घोडा, त्यावर मोटर, आणि माझ्या छातीला लागतील एवढी पाती. मासिकातला पंखा याच्यापुढं खेळणं! म्हटलं, आपल्याकडचं ऊन पण तसंच आहे, पंखा मोठाच लागणार. भीत भीत किंमत विचारली.

"मजुरीचं तेवढं द्या. बाकी तुमच्याकडनं काय घ्यायचं?"

मजुरीत पंखा! मी पलूसकडं सायन्सचा मास्तर आहे हे बोलता बोलता सांगितलं होतंच. माझा ऊर भरून आला. शिक्षकी पेशाला अजून मान आहे बघा! निघताना अण्णांनी बजावलं, "वाऱ्याच्या तोंडाला हुबा करायचा न्हाई म्हणावं. माळ्याला सांगा तेवढं."

माळ्याला सांगा! काय विनोदी माणूस! मी एसटी स्टँडपर्यंत हसत गेलो.

पंखा एसटीच्या टपावर चढवायला तिघे लागले. घरी आल्यावर माळ्यावर चढवायला त्याहून जास्त. आबांनी पलटणीतला आवाज काढला, "एक, दो, खींचो!" प्रत्येक 'खींचो'ला शिडी कण्हायची. अखेर पंखा खिडकीपुढं उभा राहिला. दिनकरनं तार ओढून जोडणी केली. मी पंख्याची पाठ खिडकीकडं केली आणि तोंड घराकडं.

आबांनी बघितलं. "तोंड आत रं का?"

"आबा, हा ओढणारा पंखा आहे. ज्या बाजूला तोंड, त्या बाजूनं हवा खातो. माणूस पण तोंडानंच खातो ना?"

आबांनी टोपी सारखी केली. कुसुम म्हणाली, "उदबत्ती लावून बघा की एकदा." तेव्हा मात्र मी हसलो. म्हटलं, एवढ्या मोठ्या पंख्याला उदबत्ती काय करायची! सांगलीत सगळ्या पंख्यांना उदबत्ती दाखवून आलेला मी, नेमका याच पंख्याला विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. ऊन तापल्यावर आईनं नारळ फोडला. कुसुम पुस्तकं, वह्या, भारताचा नकाशा मांडून जागेवर बसली. आबा माळ्याच्या तोंडाशी, शिडीच्या वरच्या पायरीवर. खाली दिनकरची बायको भाकऱ्या थापत होती. मी बटण दाबलं.

पहिल्यांदा नुसता 'हूंऽऽ' असा आवाज आला. मग काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण माझे डोळे बंद झाले होते.

आबांनी घर बांधल्यापासून चुलीची काजळी त्या पत्र्याला धरली होती. तुळयांवर जळमटं होती, फळ्यांच्या फटीत जुना भुसा होता. ते सगळं एका क्षणात उठलं. भारताचा नकाशा माझ्या तोंडावर येऊन चिकटला. मी तो काढेपर्यंत कुसुमच्या भूमितीच्या वह्या शिडीवरनं खाली निघाल्या होत्या, त्यांच्या मागोमाग आबांची टोपी, आणि टोपीच्या मागं खाली पोचलेला वारा थेट चुलीत! राख उडाली, भाकऱ्या काळ्या झाल्या, दिनकरची बायको किंचाळली, पोरं टाळ्या पिटायला लागली आणि शेळी दोरी तोडून जी पळाली ती तिसऱ्या गल्लीत सापडली.

"बंद कर! बंद कर रं!" आबा शिडीला मिठी मारून ओरडत होते.

बटण कुठं होतं कोण जाणे. मी चाचपडत होतो. शेवटी दिनकरनं खालून तारच उपटली.

पंखा थांबला. आम्ही एकमेकांकडं बघितलं. नुसते डोळे आणि दात दिसत होते. मी खोकत म्हटलं, "म्हणजे याचा अर्थ, हा पंखा..."

तेवढ्यात बाहेर टेंपो थांबला. दारात एक उंचापुरा माणूस उभा राहिला. पन्नाशीचा असेल. पांढरा पटका, कल्लेदार मिशा, डोळे लाल.

"पलूसचं सायन्सचं मास्तर ह्येच का?"

मी शिडी उतरून पुढं झालो. "मीच. आपण?"

"मी शिवराम माळी. कृष्णेपल्याड मळा हाय माझा." त्यांनी माझ्या काळ्या तोंडाकडं निरखून बघितलं. "आदी मला येक सांगा. मी तुमच्या मंडळीला कवा वो बोललो?"

"कोण? तुम्ही? कधीच नाही!"

"मग समद्या सांगलीत बोभाटा कसा? सकाळी पंखा न्यायला गेलो, तर अण्णा मलाच शानपन शिकवायला लागलं. माळी, बाईमाणसावर तापू नगा, मास्तरणीला चक्कर येती म्हनं तुमच्यापायी! मास्तर, माझी सून हुती संगं. घरी समद्यांस्नी सांगितलं तिनं. माझी बायकू सकाळधरनं माझ्याशी बोलंना!"

माझ्या डोक्यात काहीतरी हललं. हळूहळू. पहिल्यांदा 'माळी' हा शब्द. मग 'पंखा'. मग दोन्ही शेजारी शेजारी येऊन उभे राहिले. माळ्याचा पंखा!

अरे देवा!

"आनि माझा उफणायचा पंखा कुटं हाय?" माळी आता ओरडलेच. "गहू मळून खळ्यावर पडलाय, आबाळ भरून आलंय, आनि पंखा मास्तर घिऊन गेला! उफणल्याबिगर पोत्यात काय भरू, भूस?"

मी बाहीनं तोंड पुसायला लागलो. पोरांना दोन-दोन तास शिकवणारा मी, तिथं नुसती काजळी इकडची तिकडं करत उभा. तेवढ्यात कुसुम शिडीवरनं खाली आली. पदरावर काजळी, केसांत भुसा, हातात फाटकी वही.

"दादा, तुमी न्हाई वो. आमचा माळा!"

"काय?"

तिनं बोट वर केलं. "त्यो. पत्र्याखालचा. त्यो तापतोय. त्यापायी मला चक्कर आली. ह्यांनी दुकानात सांगितलं, माळ्याचा पंखा द्या."

माळींनी वर बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. परत वर बघितलं. ओठ हलत होते. मनातल्या मनात वाक्य जुळवत असणार. आणि एकदम ते ओट्यावर बसलेच. हसता हसता पटका सुटला, डोळ्यांतनं पाणी आलं. "म्हंजी... म्हंजी अण्णानं मला..." पुढं बोलताच येईना.

पण आकाश खरंच भरून आलं होतं. मी म्हटलं, "माळीदादा, मी येतो. माझ्यामुळं खोळंबा झालाय." पुन्हा 'एक, दो, खींचो', ह्या वेळी उलटं. पंखा टेंपोत, पंख्याशेजारी मी आणि दिनकर. तोंडं धुवायलाही थांबलो नाही.

खळ्यावर पोचलो तेव्हा पश्चिमेला ढग काळे पडत चालले होते. माळींच्या घरची सगळी माणसं उभी. पंखा मांडला, मोटर लावली. मी पाट्या भरून त्याच्या तोंडापुढं गहू सोडायला लागलो. दाणे सरळ पायाशी, भूस लांब पलीकडं. काय सुंदर दिसतं म्हणता! माझं कुतूहल परत जागं झालं. पाटी जरा वर धरली तर काय होतं, जरा लांब धरली तर काय होतं, मी बघायला लागलो. माळी ओरडले, "मास्तर, परयोग नगा! आदी गहू सोडा!" खांदे गळून पडायची वेळ आली. पण शेवटचं पोतं शिवून ताडपत्रीखाली गेलं आणि मगच टपोरे थेंब आले. त्यांच्या मंडळींनी आम्हाला पिठलं-भाकरी वाढली. मला वाढताना त्या बाई पदराआड इतक्या हसत होत्या की पिठलं भाकरीवर कमी आणि माझ्या हातावर जास्त पडलं. पण नवऱ्याशी बोलल्या. तेवढं तरी झालं.

निघताना माळी म्हणाले, "उद्याच्याला येतो. त्यो तुमचा माळा बघायचाय मला. माझं नाव बद्दू झालंय त्याच्यापायी. वळख तरी नगो?"

आणि खरंच आले! शिडीवरनं वर चढले. आम्ही सगळे मागनं. माळ्यावर जाताच म्हणाले, "बाबौ! हितं चक्कर न्हाई येनार तर काय हुईल?" मी लगेच वही काढली. कुठं किती पारा चढतो, धूर कुठनं कुठं जातो, सगळं समजावून सांगायला लागलो. त्यांचं लक्षच नव्हतं. ते बोटाच्या पेरानं भिंतीवर टकटक करत फिरत होते. खिडकीच्या बरोबर समोरच्या भिंतीपाशी थांबले. तिथं पत्र्याचा एक तुकडा ठोकलेला, कडांना माती लिंपलेली.

त्यांनी पक्कड घालून पत्रा उचकटला. आत कागदांचे बोळे खच्चून भरलेले. ते उपसले आणि मागनं उजेडाचा झोत आला! आरपार वारा सुटला. गरम हवा अशी निघून गेली जशी मधल्या सुट्टीची घंटा झाल्यावर पोरं निघतात. कुसुमनं डोळे मिटले, मान वर केली आणि नुसता श्वास घेतला. (पुढचे दिवस तिनं तिथंच बसून अभ्यास केला आणि पहिल्या झटक्यात मॅट्रिक पास झाली, हे इथंच सांगून टाकतो. नंतर मी सांगायच्या अवस्थेत नसेन.)

"आवं, ही तर चांगली खिडकी हाय," माळी म्हणाले. "कुनी बुजवली?"

मला पण मोठं कुतूहल वाटलं. मी वाकून बघितलं. म्हटलं, "काम पक्कं केलंय हां. माती नीट लावलीय, कागद दाबून भरलेत. बुजवणारा माणूस पद्धतशीर असणार."

आबांनी घसा खाकरला. "दोन वर्सं झाली. दिवाळीच्या सुट्टीत. पारवं घाण करत्यात म्हणून."

"मग आबा, तुम्ही बोलला का नाहीत इतके दिवस?"

"मला कुणी इच्यारलं? तू हवेलाच इच्यारत हुतास."

"पण बुजवली कोणी?"

आबांनी खाली पडलेल्या बोळ्यांकडं बोट केलं. कुसुमनं खाली पडलेला एक बोळा उचलला, उलगडला, हातानं सरळ केला. परीक्षेचा जुना पेपर होता. शास्त्राचा. तिनं मोठ्यानं वाचलं, "'खोलीच्या वरच्या भागात खिडकी उघडी ठेवावी, म्हणजे गरम हवा बाहेर जाते.'"

"बरोबर लिवलंय पोरानं," माळी म्हणाले.

"व्हय," कुसुम म्हणाली. "मास्तरांनी पण तसंच लिवलंय. खाली लाल शाईत." आणि तिनं तो कागद माझ्यापुढं धरला. अक्षर माझंच होतं.

'शाब्बास! हे आयुष्यभर लक्षात ठेव.'